शिक्षकाची उन्हाळी नांगरट

मराठवाड्यातील शेतकरी उन्हाळ्याला रिकामा काळ म्हणत नाही. सुगी आटोपली की तो रान नांगरतो, ढेकळे वैशाखाच्या उन्हात तापू देतो, धसकटे वेचतो, आणि मृग निघण्याच्या आत कुळवाच्या पाळ्या घालून पेरणीसाठी सज्ज होतो. हंगामाचे यश जितके पावसावर, तितकेच या दोन महिन्यांच्या अबोल मेहनतीवर अवलंबून असते. शाळेचे वर्षही जूनमध्येच सुरू होते. पहिल्या सरीबरोबर नवी पुस्तके, नवी हजेरी, नवे चेहरे वर्गात येतात. मग त्या वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकाच्या उन्हाळी नांगरटीचे काय, हा प्रश्न समाजाने आज गांभीर्याने विचारला पाहिजे.

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव आहे. आठवडी बाजाराचे, पंचक्रोशीला जवळचे वाटणारे हे मोठे गाव. गावाच्या नावातच कुंभार आहे, आणि शिक्षकाला कुंभाराची उपमा देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मात्र ही उपमा देताना एक गोष्ट बहुधा विसरली जाते. कुंभाराचे कसब लोकांना फिरत्या चाकावर दिसते. पण मडके तडकणार की टिकणार, हे त्यापूर्वीच ठरलेले असते. माती निवडणे, चाळणे, भिजविणे, तुडविणे हे सारे चाक फिरण्याच्या आधीचे काम. गुरुपौर्णिमेला शिक्षकाचे पूजन करणाऱ्या समाजाने त्याच्या या आधीच्या कामाची चिंता कितपत वाहिली, याचे उत्तर समाधानकारक नाही.

याच तालुक्यात जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव आहे. १६०८ साली येथे जन्मलेल्या या महापुरुषाने धर्मकारण आणि लोकसंग्रह केला, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु समर्थ हे शिक्षकांचे शिक्षक होते, याकडे फारसे लक्ष जात नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास केवळ लेखनक्रियेला वाहिलेला आहे. अक्षर कसे वळवावे, ओळी समान कशा राखाव्यात, लेखणी आणि शाई यांची निगा कशी करावी, येथपर्यंतचा तपशील त्यात येतो. ब्रह्मज्ञान सांगणाऱ्या ग्रंथात सुवाच्य अक्षराला संपूर्ण समास मिळावा, यातच समर्थांची शिक्षणदृष्टी आहे. शिवाय शिकविणारा कसा असावा याची लक्षणे त्यांनी शिष्याच्या लक्षणांच्या आधी सांगितली. माणसे पारखावीत, घडवावीत आणि मग त्यांना प्रांतोप्रांती मठांचे दायित्व द्यावे, ही त्यांच्या महंतांच्या घडणीची रीत होती. घडणीवाचून नेमणूक हा प्रकार समर्थांच्या व्यवस्थेत बसत नव्हता.

आजच्या व्यवस्थेत प्रशिक्षणाचा दुष्काळ आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर देशभर शिक्षकांची उन्हाळी उद्बोधन शिबिरे झाली, आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. या संस्थेला शिक्षकवर्ग ‘डाएट’ या लघुनामानेच ओळखतो. पुढे सर्व शिक्षा अभियानातून तालुक्याला गट साधन केंद्र आणि त्याखाली समूह साधन केंद्र आले. वर्षाला वीस दिवसांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणाची कल्पना आली. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्र शासनाने ‘निष्ठा’ हा उपक्रम आरंभिला. प्राथमिक स्तरावरील सुमारे ४२ लक्ष शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचे त्याचे उद्दिष्ट होते. महामारीच्या काळात, ऑक्टोबर २०२० पासून, तो ‘दीक्षा’ या मंचावर ऑनलाइन गेला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा स्पष्ट शब्दांत नोंदविली. योजना आहेत, संस्था आहेत, शब्दही मोठे आहेत. उणीव दुसरीकडे आहे.

महाराष्ट्रात बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतर निवडश्रेणी मिळण्यासाठी प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. शिक्षकाच्या श्रमाचे मोल त्याला मिळालेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु प्रशिक्षण वेतनश्रेणीशी जोडले गेले, की ते विद्येपासून तुटण्याचा धोका उत्पन्न होतो. वर्गातील अडचण सोडविण्यासाठी शिक्षक प्रशिक्षणाला येत नाही. तो प्रमाणपत्रासाठी येतो. ऑनलाइन प्रशिक्षणात तर हा धोका अधिकच. चित्रफीत एकीकडे चालू, घरकाम दुसरीकडे चालू, शेवटी पाच-दहा प्रश्नांची उत्तरे टिचकीसरशी दिली की प्रमाणपत्र हाती, हे दृश्य अपरिचित नाही. याचा दोष सर्वस्वी शिक्षकाला देणे अन्यायाचे ठरेल. ज्या प्रशिक्षणात त्याच्या वर्गातील मुलाचे नावही येत नाही, तेथे त्याचे मन कसे रमावे?

त्या मुलाचा विचार करण्यासाठी पुन्हा कुंभार पिंपळगावच्या परिसरात यावे लागेल. हा भाग गोदावरीच्या खोऱ्यातला. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी जेथे पोहोचले, तेथे ऊस उभा राहिला. जेथे पोहोचले नाही, तेथील कोरडवाहू कुटुंबांच्या हाती दुसऱ्यांचा ऊस तोडण्यासाठी कोयता आला. घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या तालुक्यांतून दिवाळीच्या आगेमागे अनेक कुटुंबे मुकादमाच्या उचलीवर परजिल्ह्यात जातात. त्यांच्यासह लेकरेही जातात. काही मुले हंगामी वसतिगृहाच्या आधाराने आजी-आजोबांजवळ राहतात, काही फडावर जाऊन लहान भावंडे सांभाळतात. कारखान्यांचा पट्टा पडला की चैत्राच्या सुमारास ही कुटुंबे परततात. तोवर वर्गाने अर्धे पुस्तक मागे टाकलेले असते. लवकरच उन्हाळ्याची सुट्टी लागते आणि जूनमध्ये ते मूल पुढच्या इयत्तेत जाऊन बसते. वय पुढे गेलेले, अक्षर मागे राहिलेले!

अशा मुलाला कसे शिकवावे? दोन शिक्षकांच्या शाळेत दोन-तीन इयत्ता एकत्र बसवून, प्रत्येकाला त्याच्या पायरीपासून पुढे कसे न्यावे? हे प्रश्न जालन्याच्या, बीडच्या, परभणीच्या शिक्षकाचे रोजचे आहेत. देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतील जी मुले दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचू शकत होती, त्यांचे प्रमाण ‘असर’च्या पाहणीनुसार २०१८ साली ५०.५ टक्के होते. महामारीनंतर २०२२ साली ते ४२.८ टक्क्यांवर घसरले. ज्या राष्ट्राला परमवैभवाची आकांक्षा आहे, त्या राष्ट्राच्या खेड्यांतील निम्म्याहून अधिक बालकांना पाचव्या वर्षीही सोपा उतारा वाचता येऊ नये, ही लाज वाटावी अशी गोष्ट आहे. सारे खापर मेकॉलेच्या १८३५ मधील टिपणावर फोडून मोकळे होण्याची सवय आता सोडावी लागेल. त्या टिपणाने आपल्या शिक्षणाची दिशा बिघडविली हे खरे. पण स्वराज्यातील वाचन न येणारे मूल ही आपली जबाबदारी आहे.

येथेच उन्हाळ्याचे महत्त्व लक्षात येते. उन्हाळ्यात शाळेत मुले नसतात, मग शिक्षकांनी प्रत्यक्ष पाठ कोणासमोर घ्यायचा, असा आक्षेप सुट्टीतील प्रशिक्षणावर नेहमी घेतला जातो. कुंभार पिंपळगावच्या परिसराने या आक्षेपाचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. वर्षातील सहा महिने जी मुले शाळेला सापडत नाहीत, ती नेमकी उन्हाळ्यात गावात असतात. शिक्षकाला शिकण्यासाठी वर्ग हवा आहे आणि या मुलांना शिकण्यासाठी शिक्षक हवा आहे. एकाच गावात, एकाच महिन्यात या दोन गरजा एकमेकींसमोर उभ्या असतात. त्यांची गाठ घालून देणे एवढेच काय ते उरते. उन्हाळी प्रशिक्षण सभागृहातील भाषणांतून बाहेर काढून या मुलांच्या समोर आणावे, हाच या समस्येवरचा सरळ मार्ग आहे.

त्याची आखणी अवघड नाही. महाराष्ट्रात काही शाळा मिळून एक केंद्र आणि त्यावर केंद्रप्रमुख ही रचना अनेक वर्षांपासून रुजलेली आहे. केंद्रातील शिक्षकांनी जूनच्या आरंभी आठ दिवस सोयीच्या मोठ्या गावी एकत्र यावे. ऊन चढण्यापूर्वी, सकाळी सात ते दहा या वेळेत, परतलेल्या मुलांचा वर्ग भरवावा. एका शिक्षकाने वाचनाचा पाठ घ्यावा, इतरांनी मागे बसून पाहावे. शिक्षक काय बोलला यापेक्षा मूल कोठे अडले, याची नोंद करावी. दुपारी सावलीत बसून त्या नोंदींवर मोकळी चर्चा व्हावी, आणि दुसऱ्या दिवशी तोच पाठ सुधारून दुसऱ्याने घ्यावा. जपानमधील शिक्षक पिढ्यानपिढ्या याच रीतीने एकमेकांचे पाठ पाहून शिकत आले आहेत. आपल्याकडेही साताऱ्याजवळील कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी अध्यापनाचा प्रयोग केला, तेव्हा तो पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक तेथे गेले. खडूने आखलेल्या फरशीवर बसून स्वतः शिकणारी मुले प्रत्यक्ष पाहून जे कळते, ते शंभर परिपत्रके वाचून कळत नाही.

आठ दिवसांत सर्व विषयांचे ओझे लादू नये. वाचनात मागे पडलेल्या मुलाला वर आणणे, अनेक इयत्तांचा एकत्र वर्ग चालविणे आणि परिसराला पाठ्यपुस्तकाशी जोडणे, एवढे तीन विषय पुरेत. जांबचे समर्थ, गोदावरीचा काठ, हैदराबाद मुक्तिसंग्रामातील गावोगावच्या आठवणी, कुंभाराचे चाक आणि शेताचे माप हे सारे या मुलांचे अभ्यासक्रम आहेत. आपल्या गावाचा अभिमान नसलेल्या मुलाच्या ठायी देशाचा अभिमान केवळ घोषणांनी उत्पन्न होत नाही.

उन्हाळ्याचा असा उपयोग करण्याची कल्पना या देशाला नवी नाही. १९४५ साली बोरिवली येथे भरलेल्या ग्रामसेविकांच्या शिबिरात, शिक्षिकेचा अनुभव गाठीशी असलेल्या अनुताई वाघ यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली. त्या गाठीतून बोर्डीचे आणि पुढे कोसबाडचे बालशिक्षणाचे कार्य बहरले. वारल्यांच्या पाड्यावर अंगणवाडी फुलली. एका शिबिराने एका शिक्षिकेचे आयुष्य आणि एका परिसराचे भवितव्य बदलले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचा पहिला प्रशिक्षण वर्ग १९२७ साली नागपुरात भरला, तोही उन्हाळ्यातच. वर्गाला येणारा स्वयंसेवक शुल्क स्वतः भरतो, अंथरूण-पांघरूण स्वतः आणतो आणि पहाटेच्या शिट्टीला उठतो. स्वेच्छेने आणि पदरमोड करून आलेला माणूस हजेरीपटावर सही करून मागल्या दाराने निघून जात नाही, हा जवळजवळ शतकाचा अनुभव आहे.

मराठवाड्याच्या मातीत तर शिक्षकाने इतिहास घडविला आहे. निजामी राजवटीत मराठी शिक्षणाची कोंडी झाली असताना १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा उभी राहिली. त्या शाळेचे धुरीणत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढे मुक्तिसंग्रामाचे सेनानी झाले. १७ सप्टेंबर १९४८ चा विजय पोलीस कारवाईने पदरी पडला, पण त्याची पेरणी अशा शाळांनी केली होती. याच मराठवाड्यातील कडोळी गावी जन्मलेले नानाजी देशमुख १९५२ साली गोरखपूरला पहिल्या सरस्वती शिशु मंदिराच्या उभारणीत अग्रभागी होते. विद्या भारतीच्या रूपाने ते रोप आज देशव्यापी झाले आहे. तेथे शिक्षकाला आचार्य म्हणतात आणि उन्हाळ्यात आचार्यांचे वर्ग भरतात. १९९३ च्या भूकंपानंतर हराळीला रुजलेली ज्ञान प्रबोधिनी, अंबाजोगाईची भारतीय शिक्षण प्रसारक संस्था अशी अनुभवसिद्ध केंद्रे मराठवाड्यात आहेत.

येथे आत्मपरीक्षणाचीही आवश्यकता आहे. राष्ट्रीय विचारांच्या संस्थांनी स्वतःच्या शिक्षकांसाठी जे उत्तम वर्ग उभे केले, ते बहुतांशी आपापल्या आवारातच राहिले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणारे ऊसतोड कामगाराचे मूल याच समाजपुरुषाचे अंग आहे. त्याच्या शिक्षकासाठी हे वर्ग खुले झाले नाहीत, तर समरसतेची भाषा व्यासपीठापुरती उरेल. शिक्षक कोणत्या संघटनेचा, कोणत्या विचाराचा, हे न विचारता त्याला सन्मानाने बोलाविले पाहिजे, आणि शिकविण्याइतकेच त्याच्याकडून शिकण्याच्या वृत्तीने बोलाविले पाहिजे. पंधरा वर्षे एकाच वेळी तीन इयत्ता सांभाळणारी खेड्यातील शिक्षिका शहरातील कोणत्याही तज्ज्ञापेक्षा या विषयात अधिक जाणते.

शिक्षकांची बाजूही तितक्याच सहानुभूतीने पाहिली पाहिजे. ‘मास्तरांना दोन महिने सुट्टी’ हा टोमणा मारणे सोपे आहे. पण या दीर्घ सुट्टीमुळेच शिक्षकांना इतर कर्मचाऱ्यांसारखी अर्जित रजा मिळत नाही, हे टोमणा मारणाऱ्यांना ठाऊक नसते. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास मनाई केली. परंतु हे अपवादच शिक्षकाचा उन्हाळा गिळण्यास पुरेसे ठरतात. २०२७ च्या जनगणनेतील घरयादीचा टप्पाही एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळातच आखण्यात आला. त्यातच १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाली पाहिजे, असे त्या निर्णयाने ठरविले. वीस-पंचवीस वर्षे शिकविलेल्या माणसाच्या मनात यामुळे अस्वस्थता निर्माण होणे स्वाभाविक आहे. पात्रतेचा आग्रह योग्यच. पण परीक्षा पात्रता मोजते, ती घडवीत नाही. घडविण्याची व्यवस्था न करता केवळ मोजमाप वाढविणे म्हणजे रान न नांगरता पिकाची आणेवारी काढत बसणे होय.

म्हणून शासनाकडून काही अपेक्षा रास्त आहेत. केंद्रस्तरावरील हे आठ दिवस धोरणातील ५० तासांमध्ये धरावेत. सुट्टीत केलेल्या या कामाची भरपाई रजेच्या रूपाने विनातक्रार मिळावी. शक्य तेथे दुसरे कोणतेही काम त्या आठ दिवसांत शिक्षकांवर टाकू नये. घरची जबाबदारी असलेल्या शिक्षिकांना निवासाची सक्ती नसावी; दिवसभराचा वर्ग करून सायंकाळी घरी परतता यावे, यासाठीच वर्ग तालुक्याला वा जिल्ह्याला न ठेवता केंद्राच्या गावी ठेवावा. आणि या वर्गाचे मूल्यमापन प्रमाणपत्रांच्या संख्येवर न करता, दिवाळीपर्यंत किती मागे राहिलेली मुले वाचू लागली, यावर करावे. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत त्या नोंदी पुन्हा उघडल्या गेल्या, तर जूनमधील वर्ग वर्षभर जिवंत राहील.

शासनाच्या आदेशाची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. आठ दिवस आपल्या गावात शिक्षक शिकायला येत आहेत, तर त्यांच्या दुपारच्या जेवणाची सोय गावातील आठ घरांनी वाटून घेणे काय अशक्य आहे? सप्ताहाला पंगती उठविणाऱ्या गावांना हे काम जड नाही. मंदिराचा सभामंडप, थंड पाण्याचे माठ, निवृत्त शिक्षकांचा अनुभव, शहरात नोकरी करणाऱ्या गावकऱ्याने दिलेली पन्नास गोष्टींची पुस्तके, सुट्टीला घरी आलेल्या महाविद्यालयीन तरुणांची मदत, एवढ्या भांडवलावर हा यज्ञ उभा राहू शकतो. कार्यकर्त्यांनी पुढाकार घेऊन आधी त्या मुलांची घरे गाठावीत. कोण परतले, कोणत्या इयत्तेत आहे, वाचता येते का, एवढी यादी गावागावात तयार झाली, तरी निम्मे काम झाले असे समजावे. मध्यमवर्गीय कुटुंबांनी आपल्या मुलांच्या उन्हाळी शिबिरांवर खर्च करताना अशा एका वर्गाचा भार उचलला, तर त्या खर्चाला पुण्याची जोड मिळेल.

राष्ट्र शाळेच्या वर्गात घडते, हे वाक्य आपण पुष्कळदा ऐकले आहे. त्या वर्गाची मशागत उन्हाळ्यात होते, हेही आता ध्यानी घेतले पाहिजे. फडावरून परतलेले मूल कुंभार पिंपळगावच्या परिसरात पारावर, ओट्यावर, लिंबाच्या सावलीत बसलेले दिसेल. जूनची घंटा होईपर्यंत त्याला अक्षरओळख परत मिळावी, यासाठी त्याचा शिक्षक आणि त्याचा गाव आठ दिवस एकत्र बसले, तर समर्थांच्या जन्मभूमीला शोभेल असे कार्य घडेल. मृगाचा पाऊस कोणासाठी थांबत नाही. रान त्याआधीच नांगरून ठेवावे लागते.